बॉक्स्टरचा गळका वॉटर पंप घरच्या घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी २००७ ची पोर्शे बॉक्स्टर, २.७ लिटरची. जळगावात घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा वॉटर पंप मी स्वतः बदलला. पुढे फैजपूरच्या एका मित्राच्या गाडीचाही आम्ही दोघांनी मिळून बदलला. तेव्हापासून धुळे, चाळीसगाव, नंदुरबारकडून फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरला ती लागू आहेत. २००९ पासून या गाडीत नवं इंजिन आलं, त्याची मांडणी वेगळी आहे.

गाडीखाली पाणी दिसतंय. पंपच गेला हे कशावरून ओळखायचं?

आधी एसीचं पाणी वेगळं काढा. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, दोन बोटांत चोळलं तर साध्या पाण्यासारखं लागतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण, रंगीत असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. आमच्याकडे केळीच्या खोक्यांना तोटा नाही. एक खोका उलगडून रात्रभर गाडीखाली पसरा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा.

या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे आहे, आणि पंप इंजिनाच्या सीटकडच्या तोंडाला बसतो. डाग सीटच्या मागच्या रेषेत असेल तर संशय पंपावर. डाग पुढच्या चाकांपाशी असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाइप बघा, कारण रेडिएटर पुढे दोन्ही बाजूंना आहेत. मागच्या डिकीचं कार्पेट ओलं लागत असेल तर कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकलेली असू शकते. या गाड्यांत तेही नेहमीचं दुखणं आहे.

पंपाची स्वतःची खूण अशी: पुलीच्या मागे, बॉडीला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं आणि वाळून पांढरट-गुलाबी खरपुडी धरतं. टॉर्च मारली की ती ओघळाची रेघ दिसते. जोडीला इंजिन चालू असताना किणकिण किंवा घरघर येत असेल, किंवा गाडी बंद करून पुली हाताने हलवल्यावर ती डुलत असेल, तर बेअरिंगही संपलं.

गिअरबॉक्सच्या जोडापाशी तेल ठिपकत असेल तर ते मागचं ऑइल सील, त्याचा पंपाशी संबंध नाही. आणि तेलाच्या झाकणाखाली किंवा कूलंटच्या टाकीत दुधाळ चहासारखा मळ दिसला तर गाडी चालूच करू नका. तेल आणि पाणी एकत्र होतंय याचा अर्थ दुखणं इंजिनाच्या आत आहे. पंप बदलून ते जाणार नाही.

मुळात हा पंप गळतो कशाने?

पोर्शेची ९११ कित्येक दशकं हवेवर गार होणारी गाडी होती. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली तेव्हा रस्त्यावरच्या पोर्शेत पहिल्यांदा पूर्णपणे पाण्यावर गार होणारं सहा सिलिंडरचं आडवं बॉक्सर इंजिन आलं. पाठोपाठ ९११ नेही तीच वाट धरली. म्हणजे या गाडीचा सगळा भार पाण्यावर आहे. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारे लांबलचक अॅल्युमिनियमचे पाइप, आणि एवढं कूलंट फिरवणारा हा एकच पंप.

पंपात एक दांडी, तिला धरणारं बेअरिंग, पाणी अडवणारं सील आणि टोकाला पंखा. आपले मिस्त्री या सगळ्याला मिळून ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. बेअरिंग झिजलं की दांडी थरथरते, दांडी थरथरली की सील घासतं, आणि सील गेलं की ते बारीक भोक रडायला लागतं. भोक त्यासाठीच ठेवलेलं आहे: पाणी बेअरिंगमध्ये साचू नये आणि मालकाला वेळेत कळावं. कुणी ते भोक एम-सीलने बुजवून देतो म्हणाला तर देऊ नका.

या पंपाचा पंखा मुळात प्लास्टिकचा असतो. वय झालं की तो ठिसूळ होतो आणि त्याची पाती तुटून इंजिनाच्या पाण्याच्या वाटांमध्ये जाऊन अडकतात. म्हणून गळायच्या आधीच, चार-पाच वर्षांनी पंप बदलावा असं माझं ठाम मत आहे. गाडी किती किलोमीटर चालली ते इथे गौण आहे. प्लास्टिक उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

थोडंच गळतंय. पाणी टाकत टाकत एक उन्हाळा काढता येईल का?

नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डांबरावरची हवा त्याहून तापलेली असते, आणि तीच हवा रेडिएटरला गार करायला मिळते. नाशिककडे किंवा घाटमाथ्यावर जी गाडी गळका पंप घेऊन महिनाभर निभावते, ती पारोळा-एरंडोल रस्त्यावर दुपारी दोन वाजता ट्रकच्या रांगेत अडकली की निभावत नाही. या इंजिनाची हेड अॅल्युमिनियमची आहेत. एकदा जबर तापली की वाकतात किंवा तडकतात, आणि मग खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

माझ्या मित्राने हेच केलं. अजिंठ्याच्या घाटाखाली, फर्दापूरच्या अलीकडे तापमानाचा काटा चढला. त्याने ढाब्यावर गाडी थांबवली, बोअरचं पाणी भरलं आणि पुढे निघाला. इंजिन वाचलं, पण पंप उघडला तेव्हा पंख्याची दोन पाती जागेवर नव्हती. ती शोधायला आम्हाला थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, खालचा पाइप, सगळं उलगडावं लागलं. एक पातं थर्मोस्टॅटच्या तोंडाशी आडवं अडकलेलं सापडलं, नखाएवढं, कडा चावल्यासारख्या. दुसरं अर्ध्या दिवसाने पाइपातून निघालं.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर करा, आणि पहिल्या सावलीला गाडी उभी करा. इंजिन बंद. मागच्या डिकीतलं, कूलंटच्या टाकीचं निळं झाकण तासाभरात तरी उघडू नका. दाबाखालचं कूलंट उकळत्या पाण्याहून गरम असतं आणि ते थेट तोंडावर येतं. तिथून पुढे गाडी ट्रकवर चढवूनच न्या.

हे काम घरी जमण्यासारखं आहे का?

तुम्ही बाइकचं इंजिन उघडलं असेल, कारचे ब्रेक पॅड आणि फॅन बेल्ट स्वतः बदलले असतील, तर जमेल. आयुष्यातलं पहिलंच काम म्हणून हे घेऊ नका.

मोठा दिलासा असा की या गाडीत पंप बाहेरच्या सहा धारांच्या बेल्टवर फिरतो. टायमिंगच्या साखळ्या इंजिनाच्या आत आहेत, त्यांना हात लागत नाही. अनेक गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर असतो आणि तिथे एक दात चुकला तर वॉल्व वाकतात. तसल्या गाडीसाठी हे पान वापरू नका.

वेळ दोन दिवसांचा धरा. मला पहिल्या खेपेला तीन लागले, का ते खाली लिहिलंय. सोबत एक माणूस हवाच. मदतीला म्हणून हवाच, पण त्याहून जास्त, तुम्ही गाडीखाली असताना कुणीतरी बाहेर असावं म्हणून.

हत्यारं काय लागतील?

१० नंबरचा पाना, सॉकेट आणि रिंग, दोन्ही, लांब आणि आखूड एक्स्टेन्शनसह आणि वाकणाऱ्या जोडासह. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरसाठी २४ नंबरचा पाना, शक्यतो लांब दांडीचा. बोल्ट किती जोराने आवळतोय ते मोजणारा, न्यूटन-मीटरमध्ये कमी आकडे दाखवणारा लहान टॉर्क पाना. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क पाना इथे चालत नाही, त्याला १० चा आकडा कळतच नाही. होजच्या क्लिपा दाबायला पक्कड, गॅस्केटची जागा पुसायला प्लास्टिकची पट्टी, वीस लिटर मावेल असं पसरट घमेलं, दोन जॅक, उचललेली गाडी टेकवायला चार घोड्या (जॅक स्टँड), आणि डोक्याला बांधायची टॉर्च. पाइपांत अडकणारी हवा काढण्यासाठी व्हॅक्यूमवर कूलंट भरायचं हत्यार मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्याला कॉम्प्रेसरची हवा लागते, म्हणून मी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून रविवारपुरता छोटा कॉम्प्रेसर आणला.

पंप कोणता घ्यावा? धातूच्या पंख्याचा जास्त टिकाऊ नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. धातू म्हणजे मजबूत हे आपल्या मनात पक्कं बसलंय, म्हणून इथे जरा थांबतो.

या इंजिनात पंपाचा पंखा ज्या खोबणीत फिरतो ती खोबण पंपाची नाही. ती इंजिनाच्या केसमध्येच ओतलेली आहे, अॅल्युमिनियमची. पंखा आणि भिंत यांच्यातली फट अगदी कमी. उद्या बेअरिंग झिजून दांडी डुलायला लागली तर प्लास्टिकचा पंखा भिंतीला घासून स्वतः झिजतो. धातूचा पंखा भिंत खातो. प्लास्टिक तुटलं तर तुकडे शोधावे लागतात, त्रास आहेच. पण इंजिनाची केस खाल्ली गेली तर ती बाजारात सुटी मिळत नाही. म्हणून मी कंपनीच्या मापाचा, प्लास्टिकच्याच पंख्याचा पंप घेतो आणि वेळेवर बदलतो. धातूवाले पंप वापरून समाधानी असलेली माणसंही मला भेटली आहेत. माझं मत तरीही हेच आहे.

पंपासोबत नवं धातूचं गॅस्केट (पंप आणि इंजिनाच्या जोडात बसणारा पातळ पत्रा) घ्याच. थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदला, तो शेजारीच आहे आणि कूलंट उतरलेलंच असतं. बेल्टला उलट बाजूने वाकवून बघा. बारीक आडव्या चिरा दिसल्या किंवा त्यावर कूलंट सांडलेलं असलं तर तोही नवा. टेन्शनर आणि बाकीच्या पुल्या हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर पाहुणे आलेच आहेत तर पंगत वाढवा. हे सगळं पुन्हा उघडायचं नाही.

पार्ट मागवताना चासी नंबर द्या. नुसतं वर्ष सांगून मागवलेला पार्ट कुरिअरने यायला आठवडा आणि परत जायला दुसरा आठवडा, हे मी भोगलंय.

आमच्या अंगणात गाडी उचलता येईल का?

काळ्या मातीत नाही. ही गोष्ट मी वाचलेल्या कुठल्याच पानात नव्हती, कारण ती लिहिणाऱ्यांच्या अंगणात काळी माती नव्हती. वरून वाळून दगडासारखी दिसते, पण जॅकच्या चाकांखाली ती बसत जाते, आणि भेगा असतील तर घोडीचा एक पाय अचानक खाली जातो. शहाबादी फरशीवरही थेट घोडी लावू नका. फरशीखाली पोकळी असली तर ती मधून तडकते. सिमेंटचा पक्का कोबा हवा. तोच नसेल तर हे काम कोबा असलेल्या ओळखीच्या शेडमध्ये करा. केळीच्या पॅकिंग शेडचा कोबा छान सपाट असतो, मित्राची गाडी आम्ही तिथेच उचलली.

गाडी कंपनीने दिलेल्या जॅक पॉइंटवरच उचला. चारही घोड्या लावा आणि खाली जाण्याआधी गाडीला कंबर लावून जोरात हलवा. हलली नाही पाहिजे. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका, एक बोल्ट बघायलाही नाही.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

आदल्या संध्याकाळी गाडी लावून ठेवा आणि सकाळी गार इंजिनावर हात घाला.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं. अल्टरनेटरला जाणारी जाड तार तुम्ही काम करणार त्याच जागी आहे आणि तिच्यात कायम करंट असतो. पण इथे एक सापळा आहे: बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचं लॉक विजेवर उघडतं. तार काढल्यावर पुढची डिकी चुकून लागली तर उघडायला खटाटोप होतो. लॉकवर जाड कापड गुंडाळून ठेवा आणि घरातल्या मुलांना सांगून ठेवा. मागच्या डिकीचंही तसंच.

मग टप (कापडी छत) किंचित उघडं ठेवून सीट पुढे सरकवा आणि सीटमागचं कार्पेट सोडवा. त्याखाली पत्र्याचा पॅनल आहे, १० नंबरच्या बोल्टांनी धरलेला. तो काढला की इंजिनाचं तोंड समोर येतं. पुल्या, बेल्ट, सगळं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. बेल्ट कसा फिरलाय याचा फोटो आत्ताच काढा, दोन कोनांतून.

खाली घमेलं लावून इंजिनाच्या पोटाकडचा कूलंटचा प्लग सोडा. आधी निळं झाकण उघडलं की धार जोरात येते, म्हणून घमेलं जरा पुढे ठेवा. सगळं कूलंट इथून निघत नाही, पुढच्या रेडिएटरमधलं राहतं. निघालेलं मोजून ठेवा. भरताना हा आकडा उपयोगी पडतो.

टेन्शनरला २४ चा पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, बेल्ट ढिला पडतो, तो काढून घ्या. मग पंपाचे सात बोल्ट. वरचे डोळ्यांना दिसतात. खालचे एक-दोन बोटांनी चाचपडूनच सापडतात. गाडीखालून पाना लावायचा आणि वरून आरशात बघायचं. कुठला बोल्ट किती लांब ते विसरू नये म्हणून मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्याच जागी बोल्ट टोचून ठेवतो. जागा अपुरी पडली तर इंजिनाखाली रुंद फळी ठेवून जॅकने भार घ्या, इंजिन धरणाऱ्या पुढच्या माउंटचे नट सोडा आणि इंजिन बोटभर खाली येऊ द्या. तेलाच्या सम्पवर फळीशिवाय जॅक लावू नका. आणि हळूहळू उतरवा, एका डोळ्याने होज आणि तारा ताणत नाहीत ना ते बघत.

पंप सुटताना उरलेलं कूलंट भसकन बाहेर पडतं. घमेलं काढलेलं नसावं.

जुना पंप हातात आला की पंख्याची पाती मोजा, नव्याशी ताडून बघा. एखादं कमी असेल तर ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मग गॅस्केटची जागा प्लास्टिकच्या पट्टीने आणि कापडाने स्वच्छ करा. पोलादी पटाशी किंवा पॉलिश पेपर नको. अॅल्युमिनियमवर एक चरा पडला की तिथून पुन्हा गळती. नवं गॅस्केट कोरडं बसवायचं. त्याला सिलिकॉन लावायचा मोह आपल्याकडे फार आहे. ‘थोडं पॅकिंग लावून घ्या, सेफ राहील’ असं शेजारी उभा प्रत्येक जण सांगेल. ऐकू नका. जादा सिलिकॉन आत पिळला जाऊन पाण्याच्या वाटेत सुटतं.

सातही बोल्ट आधी हाताने, आटे नीट धरलेत हे जाणवेपर्यंत. मग तिरप्या क्रमाने थोडे थोडे, आणि शेवटी १० न्यूटन-मीटर. हा आकडा किती लहान आहे ते समजून घ्या. वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर, बस्स. मग थर्मोस्टॅट, बेल्ट, माउंट, उलट्या क्रमाने.

बोल्ट तुटला तर?

माझा तुटला, म्हणून तर तीन दिवस लागले. पंप काढताना खालच्या कोपऱ्यातला बोल्ट अडला आणि मी पान्याला पाइप लावला. हाताला आधी ताण जाणवला, मग एकदम लोण्यासारखं मऊ, आणि टक्. त्या आवाजाने पोटात खड्डा पडतो. मी तिथेच पाने खाली ठेवले, हात धुतले आणि त्या दिवशी पुन्हा गाडीला हात लावला नाही. तोच निर्णय बरोबर ठरला.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक काका घरी आले. पंप निघाल्यावर तुटक्या बोल्टाचा उरलेला स्टड दोन आट्यांएवढा बाहेर दिसत होता. त्यांनी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारायला सांगितलं होतं. सकाळी हीट गनने भोवतीचं अॅल्युमिनियम गरम केलं, व्हाइस ग्रिपने टोक धरलं आणि आधी घट्ट करायच्या दिशेने केसभर हलवलं, मग ढिल्या. पुन्हा घट्ट, पुन्हा ढिला. वीस मिनिटं हेच. शेवटी तो फिरला. घाईने त्यांनी एकदाही जोर लावला नाही.

स्टड आत तुटला असेल तर मधोमध भोक पाडून काढावा लागतो आणि आटे गेले तर स्प्रिंगचे नवे आटे बसवावे लागतात. ते काम हातखंडा असलेल्या माणसालाच द्या.

कूलंट कोणतं, आणि बोअरचं पाणी का चालत नाही?

तुमच्या घरच्या कूलरच्या गवताच्या जाळीवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा थर बसतो, तो बघा. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर, सगळीकडे तोच. तापीच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी जड आहे. पाणी तापलं की त्यातला चुना तापलेल्या भिंतीला चिकटतो. इंजिनात सगळ्यात तापलेली भिंत सिलिंडर हेडची. थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, हेड आतून तापत राहतं आणि काट्यावर ते उशिरा दिसतं. शिवाय पाण्यातले क्षार अॅल्युमिनियम खातात आणि पंपाच्या सीलला घासतात. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं. मग तडजोड कशाला?

कूलंट अॅल्युमिनियमच्या इंजिनासाठीचं, फॉस्फेट नसलेलं घ्या. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, नुसतं पाणी चालतं’ असं सांगणारे भेटतात. कूलंट बर्फासाठीच असतं हा गैरसमज आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंश असतो, बंद टाकीच्या दाबाखाली आणखी वर जातो, आणि गंज रोखणारी रसायनं त्यातच असतात. पूर्ण गाडीत साधारण १७ लिटरच्या आसपास मावतं. तयार मिश्रण विकत घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

हवा कशी काढायची? काम करून गाडी आणखीच तापतेय.

बहुतेक वेळा कारण हेच असतं. लांबलचक पाइप, पुढे रेडिएटर, मागे इंजिन, त्यात हवेचा बुडबुडा अडकला की कूलंट फिरत नाही.

व्हॅक्यूमचं हत्यार असेल तर टाकीच्या तोंडाला लावून कॉम्प्रेसरने आतली हवा खेचून घ्या. होज चपट्या होतात, घाबरू नका. कॉक बंद करून दहा मिनिटं काटा बघा. पडला नाही तर गळती नाही. भरायच्या आधीच पंपाची परीक्षा होऊन जाते. मग नळी कूलंटच्या कॅनमध्ये सोडा, ते आपोआप ओढलं जातं.

हत्यार नसेल तर डिकीत झाकणाशेजारच्या व्हॉल्वची तारेची कडी वर उचला, म्हणजे हवेला वाट मिळते. टाकी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. पातळी उतरेल तसं भरत राहा, मग निळं झाकण लावा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत सुमारे अडीच हजार आरपीएमवर धरा आणि मध्येमध्ये क्षणभर जास्त रेस द्या. हीटरमधून सलग गरम हवा यायला लागली की कूलंट फिरतंय. कधी गरम, कधी गार येत असेल तर अजून हवा आहे. काट्यावरची नजर काढू नका. गाडी पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, ती जवळपास नक्की उतरलेली असते. पहिली चक्कर घराभोवतीच मारा, सकाळी गारव्यात, मेहरूण तलावापर्यंत वगैरे. नंतर कडी पुन्हा खाली बसवायला विसरू नका.

जुनं कूलंट कुठे ओतायचं?

कुठेच नाही. ते गोड लागतं आणि विषारी आहे. कुत्री-मांजरी चाटतात, गुरं पितात, आणि थोड्यानेही किडन्या जातात. गटारीत, बांधावर, पाटाच्या कडेला अजिबात नको. काम चालू असताना घमेलं क्षणभरही उघडं सोडू नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसून घ्या. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ठळक ‘विष’ लिहा, आणि घातक कचरा रीतसर देणाऱ्या वर्कशॉपकडे पोचवा. एखाद्या जनावराने चाटलं असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता त्याला डॉक्टरकडे न्या.

पंप नवा, हवा काढली, गळती नाही. तरी दुपारी काटा चढतो. का?

बंपरच्या पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. या गाडीचे रेडिएटर जमिनीलगत, तोंड उघडं ठेवून बसलेत, आणि जे उडतं ते सगळं त्यात जातं. आपल्याकडे ऑक्टोबरपासून कापसाच्या गाड्या सुरू होतात. बोदवड-धरणगावकडच्या जिनिंगच्या रस्त्याने महिनाभर फिरलात की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापसाची अक्षरशः गादी तयार होते, वर धुळीचा लेप. माझ्या गाडीतून बंपर काढल्यावर दोन ओंजळी निघाला. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. बंपर काढूनच साफ करावं लागतं, पाण्याची धार हलकी ठेवून, नाहीतर पत्र्याची पानं वाकतात.

दुसरं, पुढचे दोन्ही पंखे. एसी लावला की दोन्ही हळू वेगात फिरायला हवेत. एखादा फिरत नसेल तर त्याचा रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता मोठी. या गाड्यांत तो नेहमी जातो.

कोणत्या महिन्यात करावं?

डिसेंबर-जानेवारी. भरिताच्या वांग्यांचे दिवस, शेडमध्ये दिवसभर बसता येतं, मदतीला माणसं मिळतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी पाना हातात धरवत नाही.

त्यापेक्षा गावातल्या मिस्त्रीकडे दिली तर?

द्या, पण आधी बोला. मुंबई जळगावहून चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. गळका पंप घेऊन तिकडे चालवत नेता येत नाही, आणि ट्रकचं भाडं अंगावर येतं. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने मला नुसती गाडी बघायलाच तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. त्यामानाने अजिंठा चौफुलीकडच्या गॅरेजांत पंप आणि बेअरिंग हाताच्या तळव्यासारखी ओळखणारी माणसं आहेत. नाव बघून ती बिचकतात, काम बघून नाही.

माझे मिस्त्री पहिल्यांदा गाडी बघून म्हणाले, “भाऊ, पहिले गाडीले थंडी व्हऊ दे, मंग हात लाव.” मला तिथेच विश्वास बसला. मिस्त्रींना चारच गोष्टी सांगायच्या: पॅनल सीटमागून उघडतो, बोल्ट १० न्यूटन-मीटरचे आहेत, गॅस्केटला सिलिकॉन नाही, आणि नळाला पाइप लावून टाकी भरायची नाही. शेवटची दोनदा सांगा. आणि शक्य असेल तर शेजारी बसा. अनुभवी माणसाचे हात बघायला मिळतात.

बदलल्यावर पुन्हा कधी तपासायचं?

पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघा आणि गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरूनच ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर पॅनल उघडून टॉर्चने पंपाचं भोक, गॅस्केटची कड आणि बेल्टची वाट एकदा बघून घ्या. बोल्ट उगाच पुन्हा आवळू नका. पंप बसवल्याची तारीख आणि किलोमीटर मी शेडमधल्या कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिलेत, शेजारी मोजून काढलेल्या कूलंटचा आकडा. पुढच्या वेळी जो कुणी उघडेल त्याच्यासाठी जुना पंपही तिथेच एका पिशवीत ठेवलाय.